बारा रेघांचा रानहंस

आमच्या मधूताईंना माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत, दातांनी आठवतात. बेसिंगस्टोकच्या सुपरमार्केटमध्ये त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे माझ्या सहनशक्तीची परीक्षा. भाजीपाशी कुणी बाई हसून हॅलो म्हणाली की मधूताईही तोंडभर हसतात, आणि ती पुढे गेली की माझ्या कानाशी लागतात, "दात ओळखीचे आहेत गं. नाव काय बाई हिचं?" चौतीस वर्षं एका गावाच्या तोंडात डोकावल्यावर दुसरं काय होणार! पण त्या दातांना काय झालं होतं, तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं की मात्र तोंडाला कुलूप. "पेशंटची गोष्ट आहे, सीमा. ती बाहेर जात नाही." रिटायर होऊन सहा वर्षं होत आली, तरी एकही बाहेर गेली नव्हती.

मी त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहते. सोमवार ते शुक्रवार बिझनेस पार्कातल्या एका ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसते आणि शनिवारी उशिरापर्यंत झोपावं एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा आहे. मधूताईंनी ती धुळीला मिळवली. त्यांना गाडी येत नाही. तीन वेळा ड्रायव्हिंग टेस्ट दिली आणि तिन्ही वेळा परीक्षकाला दोष देऊन घरी आल्या. म्हणून दर शनिवारी सकाळी साडेनऊला माझ्या दाराची बेल वाजायची आणि बाहेर मधूताई उभ्या असायच्या. पायात चालायचे बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत दाताची जुनी हत्यारं, आणि तोंडात एकच वाक्य, "चल, मिस्टर लिन वाट बघत असतील."

मिस्टर लिन हे त्यांचे जुने पेशंट. बेसिंगस्टोकमध्ये त्यांचं चिनी जेवण बांधून देणारं छोटंसं दुकान, टेकअवे, होतं. बायको गेल्यावर ते बंद करून ते मुलीजवळ ब्रॅकनेलला राहायला गेले. अठ्ठावीस वर्षं ते मधूताईंच्या खुर्चीत येऊन बसत आणि 'येस', 'नो' आणि 'थँक यू' यापलीकडे बोलत नसत. खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसानं बोलावं तरी काय म्हणा. मधूताईंच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मात्र ते अपॉइंटमेंट नसताना आले आणि त्यांनी खिशातून लाकडाचा एक लहानसा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा. त्याच्या एका टोकाला एक चिनी अक्षर कोरलेलं होतं. 'दात.'

तो छापखान्यातला खिळा होता. आपल्याकडेही छापखान्यात असे एकेक अक्षराचे सुटे खिळे असायचे, ते जुळवून पान छापायचं, मग सोडवून पुन्हा पेटीत टाकायचं. फरक एवढाच की हा शिशाचा नव्हता, नासपतीच्या लाकडाचा होता, आणि चाकूनं हातानं कोरलेला होता. अक्षर अर्थातच उलटं होतं. मधूताईंनी ते पाहिलं, सवयीनं ट्रेमधला छोटा माउथ मिरर उचलून त्याच्यासमोर धरला, आणि आरशात ते सुलटं दिसलं.

"उलटं कोरायला अवघड जात असेल," त्या म्हणाल्या.

"खूप वर्षं लागतात," लिन म्हणाले. "डोळा बदलावा लागतो."

"माझा बदललेला आहे. मी जन्मभर आरशातच बघून काम केलंय."

वरच्या दातांची मागची बाजू डेंटिस्टला सरळ दिसतच नाही. ती आरशात बघायची, डावं ते उजवं समजायचं, आणि तरीही हत्यार बरोबर जागी न्यायचं. हे मला तोवर माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर माझ्या स्वतःच्या डेंटिस्टबद्दल एकदम आदर वाटला. लिन यांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. ते खुर्चीवर बसले, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, तोंडात काही नसताना, तासभर बोलले.

त्या एका तासानं मधूताईंचं निवृत्तीचं सगळं वेळापत्रक उधळलं. त्या क्रूझवर जाणार होत्या, ब्रिज शिकणार होत्या. त्याऐवजी त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि मला बी शंगची गोष्ट ऐकवायला सुरुवात केली. बी शंग हा हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी माणूस. ना दरबारी, ना पंडित. त्यानं ओल्या चिकणमातीवर एकेक अक्षर कोरलं, नाण्याच्या कडेइतकं उंच, आणि विस्तवात भाजून काढलं. लोखंडाच्या पत्र्यावर राळ, मेण आणि कागदाची राख यांचा थर द्यायचा, वर लोखंडी चौकट ठेवून तीत खिळे जवळजवळ मांडायचे, खालून शेक द्यायचा. थर पाघळला की वरून सपाट फळीनं दाबायचं. गार झालं की छापायचं, छापून झालं की पुन्हा शेकून खिळे सुटे करायचे. एक पान छापताना दुसरं जुळवायचं.

"मेण तापवा, दाबा, गार करा! अगं, हे तर मी रोज करत होते!" मधूताई माझ्या किचनमध्ये उभ्या राहून ओरडल्या. "कवळीसाठी चाव्याचा ठसा असाच घेतात!"

"त्याच्यानंतर प्रिंटरचा शोध लागला, मधूताई," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे एक. वापरता का?"

त्यांनी वापरला नाही. कम्युनिटी सेंटरच्या पॉटरी क्लासला नाव घातलं आणि देवनागरी खिळे केले. ट्रेमध्ये ते अगदी शंकरपाळ्यांसारखे दिसत होते. ते भट्टीत भाजून आणले, माझ्याच बेकिंग ट्रेमध्ये राळ आणि मेण तापवलं, आणि स्मोक अलार्म असा काही कोकलला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. एवढं करून मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण छापलं गेलं. ते कुणालाही वाचता आलं नाही. मराठी मंडळातल्या रेखानं मला फोन करून विचारलं, "मधूताई ठीक आहेत ना?" तो बेकिंग ट्रे मला परत मिळालेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

अशी पाच वर्षं गेली, आणि एका वसंतात लिन यांचा फोन आला. मधूताईंशी बोलायचंय, शक्य असेल तर घरी या. तिथून माझे शनिवार गेले.

ब्रॅकनेलच्या त्या घराच्या मागच्या काचेच्या खोलीत एक गोल टेबल होतं, वर फिरती चकती असलेलं. टेकअवेच्या आधी त्यांनी एका मित्राबरोबर रेस्टॉरंट चालवलं होतं, तिथलं. एके काळी ज्यावरून वाट्या फिरायच्या त्या चकतीवर आता लाकडी खिळ्यांच्या पेट्या होत्या. लिन एका जागी बसायचे, चकती फिरवायचे आणि हवं ते अक्षर हाताशी आणायचे. मला ती त्यांच्या म्हातारपणाची सोय वाटली. पण मधूताईंनी मला कोपरखळी मारून सांगितलं की सातशे वर्षांपूर्वी वांग चन नावाच्या एका अधिकाऱ्यानं अशीच मोठी फिरती टेबलं बनवली होती. त्यानं दोन वर्षं खपून साठ हजारांवर लाकडी खिळे करवून घेतले, कारण मातीचे त्याला पटेनात. आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं अक्षरांकडे धावायचं नाही, अक्षरांनीच जुळाऱ्याकडे यायचं, असं त्यानं ठरवलं. चिनी अक्षरं हजारोंनी, आपल्यासारखी बाराखडीत आटोपणारी नव्हेत. माणूस खोलीभर पळून दमणार नाही तर काय!

लिन खिळे शोधताना तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत. ते गाणं नव्हतं. पेट्यांमध्ये कुठलं अक्षर कुठे आहे ते लक्षात ठेवायचे श्लोक होते. लहानपणी पाठ केलेले पाढे मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी विसरले. हा माणूस ब्याऐंशीचा होता आणि एकदाही अडखळला नाही.

त्यांचं गाव चीनमधल्या रुईआनजवळचं. तिथे काही घराण्यांत अजूनही लाकडी खिळ्यांनी वंशावळी छापतात. दर पंचवीस-तीस वर्षांनी घराण्याचा ग्रंथ नव्यानं करायचा, नवी नावं घालायची, दोऱ्यानं शिवायचा आणि समारंभानं ठेवून द्यायचा. लिन तरुणपणी तेच काम शिकले होते. पुढे ते इथे आले, वोकची कढई हातात घेतली, पण मागच्या वेळी, एकोणतीस वर्षांपूर्वी, टेकअवे बायकोवर सोपवून दोन महिने गावी जाऊन राहिले. कारण त्यांच्या घराची रीत होती. ज्या बापाला कोरता येतं त्यानं आपल्या मुलांची नावं आपल्या हातानं कोरायची, दुसऱ्यानं नाही. त्यांनी दोन्ही मुलग्यांची नावं कोरली. तेव्हा ग्रंथात मुलींची नावं घालत नसत.

"यानही तेव्हा वीस-एकवीसची होती," लिन म्हणाले. "एअरपोर्टवर सोडायला आली. म्हणाली, माझं? मी म्हटलं, तशी पद्धत नाही."

यान ही त्यांची मुलगी. आता पन्नाशीची, ब्रॅकनेलमध्येच एका टेक कंपनीत. वडलांची औषधं, हॉस्पिटल, बाजारहाट सगळं तीच बघत होती. एक भाऊ मँचेस्टरला, एक कॅनडात.

या वर्षी ग्रंथ पुन्हा नवा होत होता आणि घराण्यानं ठरवलं होतं की या वेळी मुलीही येतील. नोव्हेंबरात शिवणार होते. पुढचा ग्रंथ थेट पंचवीस-तीस वर्षांनी. लिन यांना यानचं नाव त्यात हवं होतं, आणि तिथल्या कुणी कोरलेलं नको होतं. त्यांनी बोलता बोलता आपला उजवा हात आमच्यासमोर धरला. तो थरथरत होता. दोन वर्षांपासून असंच आहे, ते म्हणाले. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

"तुम्ही उलटं बघू शकता," ते मधूताईंना म्हणाले. "तुमचा हात मला माहीत आहे. अठ्ठावीस वर्षं माझ्या तोंडात होता. मी शिकवतो. तुम्ही कोरा."

मधूताईंनी क्षणभरही विचार केला नाही. मला राग आला, खरंच सांगते. सत्तरीच्या बाईनं सहा महिन्यांत एक विद्या शिकायची, आणि ती दर शनिवारी पस्तीस मैल इकडे-तिकडे करून, आणि गाडी कुणाची तर माझी! परतताना मी तसं बोललेही. घरी पोचल्यावर मधूताई म्हणाल्या, "दोन मिनिटं आत ये."

त्यांनी कपाटातून त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला. जाडजूड, कापडी बांधणीचा. त्यात त्यांच्या वडलांचं पान होतं. दोन भावांचे फोटो होते, पदव्या, नोकऱ्या, बायकांची माहेरची नावं, पत्ते. खाली शेवटी एक ओळ होती: 'शिवाय तीन कन्या.'

मी ती ओळ दोनदा वाचली. हा ग्रंथ छापला तेव्हा मधूताई या देशात डेंटिस्ट म्हणून काम करत होत्या.

"मी मधली," मधूताई म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

त्यानंतर मी शनिवारबद्दल एक अक्षर बोलले नाही. निदान त्यांच्या तोंडावर नाही.

यान म्हणजे रानहंस. थंडीत आभाळातून रांगेनं लांब जाणारा. आमच्याकडच्या बागांमधून वाटा घाण करत फिरतात ते नव्हेत, असं मला लिननी गंभीरपणे सांगितलं. अक्षर बारा रेघांचं. वर एक कडा, त्याखाली माणूस आणि पक्षी शेजारी शेजारी. लिन कागदावर शाईनं काढायचे, थरथरत्या हातानं पण तरीही डौलदार. मधूताई ते लाकडावर उलटं उतरवायच्या आणि रेघा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायच्या. रेघ कोरायची नसते, रेघेच्या आजूबाजूचं काढायचं असतं. एक खिळा करायला त्यांना पहिल्यांदा साडेतीन तास लागले.

तो पहिला खिळा त्यांनी विजयी मुद्रेनं लिनपुढे ठेवला. लिन यांनी शाई लावली, वर पातळ कागद ठेवला, ब्रशनं हलकेच घासलं आणि कागद उचलला. बारा रेघांपैकी चारच धड उमटल्या होत्या, बाकीच्या धुरकट. खिळा तर इतका सुबक दिसत होता! लिन यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

"तुम्ही याला पॉलिश केलंत!"

केलंच होतं. चौतीस वर्षांची सवय. भरलेल्या दाताला कुठेही तीक्ष्ण कड राहू द्यायची नाही, जीभ कापते. प्रत्येक कड गोल करायची, गुळगुळीत करायची, मगच पेशंटला सोडायचं. मधूताईंनी रानहंसाची प्रत्येक रेघ, नकळत, जिभेला लागणार नाही अशी केली होती. शाईला मात्र सपाट माथा आणि धारदार कडच लागते. "हे अक्षर कुणी चावणार नाही, डॉक्टर," लिन म्हणाले.

दुसरी खोड आपली मराठी. मधूताईंचं अक्षर वरच्या काठाला चिकटायचं आणि खाली रिकामी जागा राहायची. शिरोरेघेला टांगून लिहिण्याची सवय! "तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात का?" लिन विचारायचे. चिनी अक्षर चौकटीच्या मध्यावर बसतं, पाट मांडून जेवायला बसल्यासारखं. ही खोड जायला पूर्ण जून महिना लागला.

मी त्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचे, पण काम कमी आणि बघणंच जास्त व्हायचं. तिथे दोन म्हातारी माणसं एका कणाएवढ्या लाकडावरून हमरीतुमरीवर येत होती. मधूताईंनी एकदा गुपचूप दाताचं बारीक ड्रिल लावून पाहिलं, लाकूड जळलं, खोलीभर वास पसरला आणि लिन यांनी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या. मधूताई कधी कंटाळल्या नाहीत. एकेक खिळा बिघडायचा, त्या नवा घ्यायच्या. ऑगस्टपर्यंत पेटीत एकोणसत्तर बिघडलेले रानहंस जमले. मी मोजले. या वयात एवढं चुकायची हिंमत माझ्यात नाही. माझं तर एक ईमेल चुकलं तर आठवडाभर झोप उडते.

यान मधूनच यायची. फ्रिजमध्ये सामान लावायची, वडलांच्या गोळ्या तपासायची. मधूताईंशी ती अतिशय अदबीनं वागे, पण त्या टेबलाकडे फिरकत नसे. एकदा लिन यांनी तिला छापलेला कागद दाखवायला बोलावलं तर ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "डॅड, आय डोन्ट नीड इट. रिअली." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सप्टेंबरच्या शेवटी लिन हॉस्पिटलमध्ये होते. हृदयाचं दुखणं. तीन आठवड्यांनी घरी आले ते पुढच्या खोलीत पलंगावरच. ऑक्टोबर संपत आला होता, आणि सोमवारी खिळा कुरिअरनं गेला नाही तर ग्रंथ त्याच्याशिवाय शिवला जाणार होता. त्या शनिवारी मधूताई गाडीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

पलंगाशी बसून त्यांनी पिशवीतून खिळा काढला. लिन यांनी चष्मा लावला, खिळा दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला. "चांगला आहे," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "खालची आडवी रेघ? ती बाकी आहे."

अकरा रेघा मोकळ्या झाल्या होत्या. सगळ्यात खालची, लिहिताना सगळ्यात शेवटी येणारी आडवी रेघ अजून लाकडातच होती.

"ती तुमची," मधूताई म्हणाल्या.

लिन यांनी हात वर केला. तो आधीपेक्षाही जास्त थरथरत होता. "बघा. हा हात बघा."

"बघतेय. हवेत धरलाय म्हणून थरथरतोय. हवेत माझाही स्थिर राहत नाही, कुणाचाच राहत नाही. मग मी लोकांच्या तोंडात ड्रिल कसं चालवत होते?"

त्यांनी पलंगावरच्या जेवणाच्या ट्रेवर लाकूड पकडायचा छोटा शिकंजा बसवला, त्यात खिळा पक्का केला आणि त्याला लागून तेवढ्याच उंचीचा दुसरा कोरा ठोकळा लावला. मग लिन यांच्या हातात चाकू दिला आणि करंगळीशेजारचं बोट त्या ठोकळ्यावर टेकवलं. डेंटिस्ट असंच करतात. ज्या दाताचं काम आहे त्याच्या शेजारच्या दातावर ते बोट टेकवायचं, हाताचा भार तिथे द्यायचा, आणि फक्त हत्यार धरलेली बोटं हलवायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षात हे शिकवतात, मधूताई म्हणाल्या. आपला अंगठा त्यांनी लिन यांच्या मनगटाखाली ठेवला.

"टेका. अजून टेका. मला नाही दुखत. आता फक्त दोन बोटं."

थरथर गेली नाही, पण लहान झाली. ती चाकूच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत जवळजवळ विरून जात होती. मी दाराशी उभी होते. लिन यांच्या तोंडून ते श्लोक सुरू झाले. शोधायचं काही नव्हतं, तरी. लाकडाची एक पातळ साल सुटली, मग दुसरी. पाऊण तास लागला. शेवटच्या क्षणी डाव्या टोकाशी चाकू किंचित घसरला आणि रेघेला एक खाच पडली.

लिन यांनी छाप काढला. कड्याखाली माणूस, शेजारी पक्षी, आणि खाली ती खाच पडलेली रेघ. त्यांनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"वाकडी आली. यानला सांगू नका," ते म्हणाले. "सगळं तुम्हीच केलं असं समजू दे. तिचं नाव चांगल्या हातानं कोरलंय असं वाटू दे. प्रॉमिस."

मधूताईंनी प्रॉमिस केलं.

संध्याकाळी यान आली. तिनं टेबलावरचा छाप पाहिला, मधूताईंचे अगदी मनापासून आभार मानले. आणि मग कोट काढता काढता, कुणाकडेही न बघता, इंग्रजीत म्हणाली, "माझ्या भावांची नावं डॅडनी कोरली. दोन महिने तिथे राहून. माझं त्यांच्या डेंटिस्टनं. पण ठीक आहे. खरंच, ठीक आहे."

लिन यांनी डोळे मिटून घेतले होते. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. मधूताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं. त्यांनी शांतपणे पिशवीतून एक निळी प्लास्टिकची डबी काढली, मुलं दातांची तार ठेवतात ती, तिच्यात कापसावर खिळा ठेवला आणि यानच्या हातात दिली. सोमवारी तीच कुरिअरला देणार होती.

गाडीत मी भांडले. चांगलीच भांडले. "अहो, एक वाक्य! एका वाक्यानं त्या पोरीचं आयुष्यभराचं दुखणं गेलं असतं! कसली मेली तुमची ती गुप्तता!"

"प्रॉमिस मी केलंय, तू नाहीस," मधूताई म्हणाल्या. "आणि उद्या तुला कुणी काही विश्वासानं सांगितलं ना, तर मग कळेल." रेडिंगच्या फाट्याशी त्यांनी पिशवीतून चकलीचा डबा काढून माझ्यापुढे धरला, आणि मी खाल्ली.

डिसेंबरात लिन गेले. झोपेत गेले, यान शेजारी होती. फ्युनरलला मधूताईंनी त्यांचा तो 'दात' कोटाच्या खिशात मुठीत धरून ठेवला होता.

फेब्रुवारीत यानचा फोन आला. चीनहून पान आलंय, येता का? चुलतभावानं ग्रंथातल्या त्यांच्या पानाची एक जादा प्रत छापून पाठवली होती. खिळा मात्र तिकडेच राहिला. तो आता गावच्या पेटीत आपल्या जागी गेला. पुढे कुणाच्याही मुलीच्या नावात रानहंस आला की तोच वापरतील.

त्याच काचेच्या खोलीत, फिरत्या टेबलावर यानने तो पातळ पिवळसर कागद पसरला. लिन यांचं नाव, त्याखाली तीन नावं शेजारी शेजारी. दोन मुलगे आणि यान. एकाच आकाराची, एकाच काळ्या शाईची. मधूताईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

यान मात्र कागदावर वाकली होती. "डॉक्टर, प्लीज वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण ही खालची रेघ बघा. टोकाला तुटलीय. बाकी अक्षर इतकं क्लीन आहे. डॅडना हे चाललं कसं? ते असला खिळा फेकून द्यायचे. माझ्या नावाच्या वेळी त्यांनी म्हटलं असेल, चालेल."

मी मधूताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. मला माहीत होतं, त्या बोलणार नाहीत. चौतीस आणि सहा, चाळीस वर्षांत त्या बोलल्या नव्हत्या.

"ती रेघ माझी नाही," मधूताई म्हणाल्या.

यानने वर पाहिलं.

"अकरा माझ्या. ती तुझ्या वडलांची. पाऊण तास लागला त्यांना. तुला सांगू नका म्हणाले, वाकडी आली म्हणून. मी प्रॉमिस केलं होतं." त्या थांबल्या. "मोडलं आज."

"इम्पॉसिबल," यान हळूच म्हणाली. "त्यांना कपसुद्धा धरता येत नव्हता. कसं?"

मधूताई खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, करंगळीशेजारचं बोट टेबलाच्या लाकडावर टेकवलं, आणि मनगटाखाली आपला अंगठा ठेवला.

"असं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंगठा काढून घेतला. यानने बोट टेबलावर तसंच टेकवून ठेवलं.